बार्कले स्ट्रीटवरचे चर्च आणि पलीकडच्या रस्त्यावरची मशीद

न्यू यॉर्क शहरातील मॅनहॅटन बेट दक्षिणेकडे निमुळते होत जाते. त्या टोकाजवळ बार्कले स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता आहे आणि त्याच्या कोपऱ्यावर उंच दगडी स्तंभांचे, प्रथमदर्शनी एखाद्या ग्रीक देवालयासारखे भासणारे संत पेत्राचे चर्च उभे आहे. न्यू यॉर्क राज्यातील हा सर्वांत जुना कॅथलिक धर्मग्राम. चर्चच्या दक्षिणेस वर्ल्ड ट्रेड सेंटरची जागा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अतिरेक्यांनी विमाने आदळवून तेथील दोन्ही मनोरे पाडले आणि सुमारे पावणेतीन हजार माणसे प्राणास मुकली. चर्चच्या उत्तरेस एक रस्ता ओलांडला की पार्क प्लेस लागतो. तेथील एका जुन्या इमारतीच्या जागी मुस्लिम केंद्र आणि त्यात नमाजाची जागा उभारण्याचा प्रस्ताव २०१० साली पुढे आला आणि त्या उन्हाळ्यात अमेरिकेत वादळ उठले. एका बाजूस स्मशान, दुसऱ्या बाजूस वादाची जागा आणि मधोमध आपले चर्च, असे ते चित्र होते.

वृत्तपत्रांनी हा वाद जगापुढे मांडला तो 'मुसलमान विरुद्ध अमेरिकन' अशा स्वरूपात. आपण कॅथलिकांनीही तो परक्या घरचे भांडण म्हणूनच वाचला असेल. परंतु त्या तीन-चार रस्त्यांचा जुना इतिहास उघडला म्हणजे लक्षात येते की २०१० साली मशिदीविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले, त्यांतील बहुतेक आक्षेप सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याच परिसरात संत पेत्राच्या चर्चविरुद्ध घेतले गेले होते. ती हकीकत सांगावी आणि त्यानंतर तिचे आपल्याच लोकांना किती स्मरण राहिले तेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मॅनहॅटनवर पाऊल ठेवणारा पहिला कॅथलिक धर्मगुरू तेथे निर्वासित म्हणून आला. फ्रेंच येशूसंघीय मिशनरी फादर आयझॅक जोग्ज १६४३ साली मोहॉक लोकांच्या कैदेतून निसटले. छळामुळे त्यांचे हात विद्रूप झाले होते. त्यांना लपवून ठेवणारे आणि युरोपच्या जहाजावर चढवून देणारे लोक डच कॅल्व्हिनपंथी, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने कॅथलिकांचे कट्टर विरोधक होते. या चिमुकल्या वसाहतीत अठरा भाषा बोलल्या जातात असे फादर जोग्ज यांनी नमूद करून ठेवले आहे. त्यांना साहाय्य करणाऱ्यांत मेगापोलेन्सिस नावाचे डच धर्मोपदेशक होते. गंमत अशी की हेच मेगापोलेन्सिस पुढे वसाहतीत आलेल्या ज्यूंना हाकलून द्यावे म्हणून अधिकाऱ्यांकडे तक्रारी करताना दिसतात. दाराशी आलेल्या एका जखमी माणसावर दया करणे आणि एका समाजाला आपल्या शेजारी घर करू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमते, दुसरीपाशी भल्याभल्यांचे पाय अडखळतात.

तेथील डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांनी क्वेकरपंथीयांना आसरा देण्यास बंदी केली, तेव्हा फ्लशिंग या खेड्यातील सुमारे तीस रहिवाशांनी २७ डिसेंबर १६५७ रोजी त्यांना एक लेखी निवेदन सादर केले. सही करणाऱ्यांत स्वतः क्वेकर कोणी नव्हता. ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन हेही आदामाचीच लेकरे असल्यामुळे प्रेमाचा आणि स्वातंत्र्याचा नियम त्यांनाही लागू होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या काळी 'तुर्क' म्हणजे मुसलमान. आजूबाजूला एकही मुसलमान वस्ती नसताना त्या शेतकरी माणसांना ते नाव सुचले, हे मला फार विलक्षण वाटते. गव्हर्नरसाहेबांनी अर्थातच निवेदन नेणाऱ्यांना तुरुंगात घातले. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की त्या उदार कागदात पोपच्या अनुयायांचा उल्लेख नाही. तुर्कांना त्यात जागा मिळाली, आपल्याला नाही.

पुढे वसाहत इंग्रजांकडे गेली. १६८३ साली टॉमस डोंगन हे आयरिश कॅथलिक गृहस्थ तेथे गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत सर्व ख्रिस्ती पंथांना उपासनेचे स्वातंत्र्य देणारी सनद विधिमंडळाने संमत केली. हे सुख अल्पकाळ टिकले. इंग्लंडमध्ये कॅथलिक राजा पदच्युत होताच वारे फिरले. १७०० सालच्या कायद्याने न्यू यॉर्कमध्ये सापडणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूला जन्मठेप, तुरुंगातून पळून पुन्हा सापडल्यास मृत्युदंड आणि त्याला घरात थारा देणाऱ्यास दोनशे पौंड दंड, शिवाय भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा ठरवली. १७४१ साली जॉन युरी नावाच्या शिक्षकाला शहरात फाशी देण्यात आले. गुलामांच्या कथित कटात सामील असल्याचा आणि गुप्तपणे कॅथलिक धर्मगुरू असल्याचा आरोप त्याच्यावर होता. बिचारा धर्मगुरू असलाच तर अँग्लिकन पंथाचा होता. पण अफवेला एवढा बारकावा कशाला हवा! त्यानंतरच्या काळात फिलाडेल्फियाहून फादर फार्मर हे येशूसंघीय धर्मगुरू वेष पालटून येत आणि कोणाच्या तरी घरी, दारे लावून, मूठभर लोकांसाठी मिस्सा अर्पण करीत.

अमेरिका स्वतंत्र झाली आणि १७८४ साली तो कायदा रद्द झाला. शहरात त्या वेळी कॅथलिक असतील दोनेकशे: आयरिश, फ्रेंच, जर्मन, काही स्पॅनिश आणि पोर्तुगीज. बहुतेक गरीब. त्यांनी शहराच्या मध्यवस्तीत ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाशी रिकामी पडलेली सार्वजनिक इमारत उपासनेसाठी मागितली. फ्रान्सचे वाणिज्यदूत क्रेव्हकूर यांनी त्यांच्या वतीने खटपट केली. शहराच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. शेवटी त्या काळच्या दाट वस्तीबाहेर, बार्कले स्ट्रीटवर, ट्रिनिटी चर्च या अँग्लिकन संस्थेच्या मालकीची जमीन त्यांना मिळाली. आपल्याला जागा दिली ती अखेर दुसऱ्या पंथाच्या शेजाऱ्यांनी, हे विसरता येत नाही. ५ ऑक्टोबर १७८५ रोजी स्पेनचे राजदूत डॉन दिएगो दे गार्दोकी यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली आणि पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला, संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या सणाच्या दिवशी, पहिली मिस्सा झाली. तो दिवस निवडण्यामागे कारण होते. स्पेनचा राजा तिसरा चार्ल्स याने चर्चसाठी एक हजार डॉलरची देणगी पाठवली होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा एका धर्मगुरूंना मेक्सिकोला वर्गणी मागायला धाडण्यात आले आणि ते काही हजार डॉलर व वेदीमागे लावायला क्रूसावरील प्रभूचे एक मोठे तैलचित्र घेऊन परतले.

म्हणजे कोनशिला परक्या राजदूताच्या हातची, पैसा परक्या राजाचा आणि धर्माधिकारी रोममध्ये! प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या मनात संशय यावा यात नवल काय? हे लोक इमान कोणाशी राखणार, राज्यघटनेशी की पोपशी, हा प्रश्न तेव्हा चावडीवर बसणारा टवाळच विचारीत नव्हता. जॉन जे यांच्यासारखा थोर राष्ट्रपुरुषही तो विचारीत होता. त्यांच्याच आग्रहाने १७७७ च्या राज्यघटनेत परदेशी जन्मलेल्यास नागरिकत्व घेताना धार्मिक बाबींतीलही परकी निष्ठा सोडण्याची अट घालण्यात आली होती. उलट आपली मंडळी कशात गुंतली होती, तर पहिल्या धर्मगुरूंचे प्रवचन रटाळ आणि दुसऱ्यांचे झोकदार, म्हणून दोन तट पाडून भांडण्यात! धर्मग्राम वर्षाचाही झाला नव्हता. हे वाचून आपल्यापैकी काहींना आपल्या गावच्या सभांची आठवण झाली तर त्यात गैर नाही.

याच चर्चमध्ये १४ मार्च १८०५ रोजी एलिझाबेथ ॲन सेटन या विधवेने कॅथलिक धर्मात प्रवेश केला. त्यापायी तिला आप्तेष्टांचा रोष पत्करावा लागला. अमेरिकेत जन्मलेली पहिली संत म्हणून १९७५ साली तिची घोषणा झाली. दुसऱ्याच वर्षी, १८०६ मध्ये, फ्रान्सिस कूपर हे कॅथलिक गृहस्थ राज्याच्या विधानसभेवर निवडून आले, परंतु पोपची धार्मिक निष्ठा सोडल्याची शपथ घेतल्याखेरीज त्यांना आसनावर बसता येईना. संत पेत्राच्या धर्मग्रामात सभा भरली, तेराशे सह्यांचा अर्ज गेला आणि विधिमंडळाने वाद घालून का होईना, ती शपथ काढून टाकली. त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री मात्र टवाळांचा एक जमाव चर्चबाहेर जमला. मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे पोपची अंधश्रद्धा, ती पाहू आणि मोडू, असा त्यांचा बेत होता. त्या रात्री अनर्थ टळला. नाताळच्या दिवशी मात्र आयरिश वस्तीत दंगल उसळली आणि शांतता राखण्यासाठी धावलेला एक पहारेकरी त्यात मारला गेला.

या साऱ्या हकीकतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती १८१३ सालची घटना. कीटिंग नावाच्या सोनाराकडे चोरी झाली होती आणि चोरीचा माल त्याला संत पेत्राचे धर्मगुरू फादर अँथनी कोलमन यांच्या हातून परत मिळाला. पोलिसांकडे तक्रार आधीच गेली असल्यामुळे, माल कोणी दिला हे सांगण्यासाठी फादरना न्यायालयात बोलावण्यात आले. ते उत्तरले की मला जे कळले ते पापनिवेदनात कळले, तुरुंग पत्करीन पण तोंड उघडणार नाही. खटला तसाच सोडून द्यावा असेही वरिष्ठांच्या मनात होते. पण चर्चच्या विश्वस्तांनीच आग्रह धरला की याचा निवाडा भर न्यायालयात होऊन जाऊ द्या, आम्हाला कृपा नको, न्याय हवा.

न्यायासनावर शहराचे महापौर डिविट क्लिंटन होते. फादरची बाजू मांडण्यासाठी विल्यम सॅम्पसन हे वकील स्वतः होऊन पुढे आले. ते आयरिश होते, पण प्रॉटेस्टंट. आयर्लंडमधील कॅथलिकांवरच्या अन्यायाविरुद्ध उभे राहिल्यामुळेच त्यांना देश सोडावा लागला होता. ज्या संस्काराला त्या काळचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक व्यासपीठावरून थोतांड म्हणत, तो संस्कार कॅथलिकांसाठी काय आहे, हे न्यायालयात शांतपणे समजावून सांगण्यात आले आणि ते तितक्याच शांतपणे ऐकून घेण्यात आले. धर्मगुरूंना बोलण्याची सक्ती करणे म्हणजे त्यांचा धर्मच त्यांना नाकारणे होय, असा निकाल क्लिंटन यांनी दिला. त्या न्यायाधीशांपैकी कोणाचाही पापनिवेदनावर विश्वास नव्हता. विश्वास नसतानाही दुसऱ्याचा विश्वास समजून घेता येतो, याचे याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही. १८२८ साली राज्याने याच आशयाचा कायदा केला आणि तो एकट्या कॅथलिकांपुरता न ठेवता कोणत्याही पंथाच्या धर्मगुरूला लागू केला.

एका निकालाने अर्थात मने बदलत नाहीत. मे १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगलखोरांनी दोन कॅथलिक चर्च जाळली. तोच जमाव न्यू यॉर्ककडे वळणार अशी आवई उठताच तेथील बिशप जॉन ह्यूज यांनी आपल्या चर्चभोवती सशस्त्र माणसे उभी केली आणि महापौरांना स्पष्ट शब्दांत समज दिली. संवादाचे ते उदाहरण म्हणता येणार नाही, परंतु चर्च वाचली. १९२८ साली याच शहराचे सुपुत्र आल्फ्रेड स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते निवडून आले तर पोपच देश चालवील असा प्रचार झाला आणि १९६० मध्ये जॉन केनेडींनाही त्याच प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. त्यानंतर तो प्रश्न हळूहळू मिटला. इतका मिटला की तो कधी विचारला गेला होता हे कॅथलिकांच्या नव्या पिढीला सांगूनही खरे वाटेना.

आता २००१ कडे येऊ. हल्ल्याच्या दिवशी विमानाच्या चाकाकडील भाग संत पेत्राच्या छपरावर कोसळून भोक पडले. अग्निशामक दलाचे चॅप्लिन फादर मायकल जज मनोऱ्यात मृत्यू पावले, तेव्हा जवानांनी त्यांचा देह उचलून आणून याच चर्चच्या वेदीपुढे ठेवला. ढिगाऱ्यात सापडलेला पोलादी तुळयांचा क्रूस पुढे काही वर्षे याच चर्चच्या भिंतीलगत उभा होता. २०१० साली तो तेथेच होता. हे सांगायचे कारण असे की येथील धर्मगुरू आणि भाविक यांना त्या दिवसाच्या दुःखाविषयी कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नव्हती.

पार्क प्लेसवरची इमारत जुलै २००९ मध्ये एका मुस्लिम व्यावसायिकाच्या कंपनीने सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख डॉलरना विकत घेतली. तीही हल्ल्यात विमानाचा भाग पडून निकामी झाली होती. तेथे तेरा मजल्यांचे केंद्र उभारायचे, त्यात पोहण्याचा तलाव, सभागृह, ग्रंथालय आणि नमाजाची जागा असावी, असा बेत होता. शहरातील ज्यू समाजाची जी केंद्रे आहेत त्यांच्या धर्तीवर ही कल्पना आखली होती आणि त्या ज्यू मंडळींचा सल्लाही घेतला होता. इमाम फैसल अब्दुल रऊफ हे प्रकल्पाचे धार्मिक प्रमुख. जवळच्याच वस्तीतील मशिदीत ते पाव शतक इमाम होते. त्या भागात मुसलमान नव्याने येत नव्हते. वॉरन स्ट्रीटवर १९७० पासून एक मशीद होती, आणि पडलेल्या दक्षिण मनोऱ्याच्या सतराव्या मजल्यावर मुस्लिम कर्मचारी नमाज पढत असत. त्या दिवशी मेलेल्यांत मुसलमानही होते.

केंद्राला आरंभी 'कॉर्डोबा हाऊस' असे नाव दिले होते. इमामांच्या मनातले कॉर्डोबा म्हणजे मध्ययुगीन स्पेनमधील ते नगर, जेथे मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती विद्वान एकत्र नांदले. विरोधकांच्या मनातले कॉर्डोबा म्हणजे मुसलमानांनी जिंकलेले ख्रिस्ती नगर. इतिहास दोघांच्याही पदरात काही ना काही टाकतो. तेथील भव्य मशीद १२३६ पासून कॅथलिक कॅथीड्रल आहे, हे आपणही लक्षात ठेवलेले बरे. नाव पुढे बदलून 'पार्क ५१' असे केले गेले, पण तोवर ठिणगी पडली होती.

२५ मे २०१० रोजी स्थानिक नागरी मंडळाची बैठक भरली आणि चार तास चालली. हल्ल्यात मुलगा गमावलेले आईबाप बोलायला उठले. त्यांतील काहींनी सांगितले की आमची माणसे जेथे माती होऊन मिसळली तेथे हे नको. काहींनी सांगितले की आमच्या मुलाच्या नावाने कोणाचे उपासनास्थान अडवू नका. शेवटी २९ विरुद्ध १ मताने प्रकल्पाला पाठिंबा मिळाला आणि दहा सदस्य तटस्थ राहिले. त्या पहिल्या गटातील शोकाकुल माणसांना असहिष्णू म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. दुःखाला तर्काचे बंधन नसते. परंतु त्या दुःखाच्या आड उभे राहून राजकारणी आणि दूरदर्शनवरचे वक्ते जे बोलू लागले, ते वेगळे होते. पैसा कोणत्या परक्या देशातून येणार? यांचा कायदा आपल्या घटनेत कसा बसणार? हे उपासनास्थान आहे की विजयस्तंभ? वाचकहो, यांतील पहिले दोन प्रश्न कोठे ऐकले आहेत?

फादर केविन मॅडिगन यांना ते आठवले. संत पेत्राच्या कोनशिलेस त्याच वर्षी सव्वादोनशे वर्षे होत होती. धर्मग्रामाचे हे प्रमुख धर्मगुरू भाविकांना पत्र लिहून म्हणाले की आज ज्या संशयाने मुसलमानांकडे पाहिले जाते त्याच संशयाने एके काळी आपल्याकडे पाहिले जात होते. महापौर मायकल ब्लूमबर्ग हे धर्माने ज्यू. ३ ऑगस्ट रोजी शहराच्या वारसा आयोगाने जुनी इमारत पाडण्याची वाट एकमताने मोकळी केली. त्याच दिवशी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरच्या बेटावरून बोलताना महापौरांनी फ्लशिंगचे निवेदन आठवले, स्टायव्हेसंट आठवला आणि संत पेत्राचे चर्चही नाव घेऊन आठवले. आपला इतिहास आपल्या वतीने एका ज्यू महापौराने मुसलमानांसाठी सांगावा, याचे समाधान मानावे की संकोच वाटावा, हे मी वाचकांवर सोडतो.

आर्चबिशप टिमथी डोलन यांनी ऑगस्टमध्ये मध्यस्थी करण्याची तयारी दाखवली. ते कोणा एकाच्या बाजूस उभे राहिले नाहीत. तडजोड व्हावी असे त्यांना वाटत होते आणि त्यासाठी त्यांनी पोप जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण दिले. पोलंडमध्ये ऑशवित्झच्या छळछावणीलगतच्या एका इमारतीत १९८४ साली कार्मेल संघाच्या धर्मभगिनी राहायला आल्या होत्या. मृतांसाठी प्रार्थना हाच त्यांचा हेतू. पण तेथे मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य ज्यू होते आणि त्या भूमीवर क्रूस उभा राहावा हे ज्यूंना सहन होईना. १९८७ मध्ये जिनिव्हा येथे कार्डिनल आणि ज्यू नेते एकत्र बसले, करार झाला, तो वेळेत पाळला गेला नाही, कटुता वाढली आणि अखेर १९९३ साली पोपमहोदयांनी स्वतः पत्र लिहून भगिनींना दुसरीकडे जाण्यास सांगितले. त्या गेल्या.

उदाहरण हृदयस्पर्शी आहे, पण ते न्यू यॉर्कला तंतोतंत लागू पडते असे मला वाटत नाही. ऑशवित्झला भगिनी बाहेरून आल्या होत्या. लोअर मॅनहॅटनचे मुसलमान मात्र तेथलेच रहिवासी होते आणि त्या दिवशीच्या मृतांत त्यांचीही माणसे होती. शिवाय तेथे पोपमहोदयांचा शब्द आला तो सहा वर्षे समोरासमोर बसून बोलल्यानंतर. न्यू यॉर्कला कोणी कोणासमोर बसलेच नाही. या दोषातून प्रकल्पाचे चालकही सुटत नाहीत. शोकग्रस्त कुटुंबांना आधी भेटावे हे त्यांना सुचले नाही, पैशांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही आणि वाद ऐन रंगात असताना इमामसाहेब सरकारी दौऱ्यावर आखाती देशांत होते. २०११ च्या प्रारंभी इमाम आणि जागामालक यांच्यातच बेबनाव झाला. केंद्र उभे राहिले नाही. काही काळ जुन्या इमारतीत नमाज आणि छोटे कार्यक्रम झाले, पुढे ती पाडली गेली आणि तिच्या जागी श्रीमंतांच्या सदनिकांचा उंच मनोरा चढला. त्याला मात्र कोणी हरकत घेतली नाही!

हा सारा वाद गाजत होता तेव्हा त्याच शहरात, स्टेटन आयलंड नावाच्या बेटावर, दुसरा एक वाद घडला. त्याची कीर्ती आपल्यापर्यंत आली नाही, पण आपल्या दृष्टीने तो अधिक जवळचा आहे. मिडलंड बीच येथील कॅथलिक धर्मग्रामाचा कॉन्व्हेंट धर्मभगिनी कमी झाल्यामुळे रिकामा पडला होता. धर्मगुरूंनी तो एका मुस्लिम संस्थेला साडेसात लाख डॉलरना विकण्याचा करार केला. संस्था तेथे मशीद करणार होती. धर्मग्रामातील लोकांना ही गोष्ट आधी कळली नाही. कळली तेव्हा ते खवळले. वस्ती आयरिश आणि इटालियन वंशाच्या कॅथलिकांची, आणि त्या बेटावरचे कितीतरी अग्निशामक जवान ११ सप्टेंबरला गेले होते.

९ जून २०१० रोजी रात्री शेकडो रहिवासी सभेला जमले. मुस्लिम संस्थेचे प्रतिनिधी उत्तरे द्यायला आले होते. ती सभा म्हणजे सभेपेक्षा उलटतपासणीच होती. आरंभी गाड्या कोठे उभ्या करणार हा प्रश्न होता, मग तुमचा अतिरेक्यांशी काय संबंध, असा झाला. तेवढ्यात अमेरिकेच्या मरीन दलातील एक तरुण ध्वनिक्षेपकापाशी आला. त्याने प्रतिनिधींना विचारले, की तुम्ही या वस्तीशी जिव्हाळ्याचे नाते जोडायला तयार आहात का? ते म्हणाले, आहोत. मग तो आपल्या शेजाऱ्यांकडे वळला आणि त्यांनाही तोच प्रश्न केला. सभागृहातून हुर्यो उठली आणि कोणीतरी ओरडून 'नाही' म्हणाले.

ती माणसे मला परकी वाटत नाहीत, म्हणूनच ही हकीकत बोचते. त्यांच्या पणजोबांना याच शहरात कॅथलिक म्हणून नोकऱ्या नाकारल्या गेल्या होत्या. रविवारी मिस्सेला जाणारी, चर्चच्या डागडुजीला हात सैल सोडणारी ही माणसे. मुसलमान एकाच देवाचे उपासक आहेत आणि जुने वैर विसरून परस्परांना समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा, ही द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेची २८ ऑक्टोबर १९६५ ची शिकवण त्यांच्या धर्मग्रामात कधीतरी वाचली गेली असेलच. पण शिकवण वाचणे आणि शेजारचा रिकामा कॉन्व्हेंट यांच्यात अंतर आहे. दुसऱ्या बाजूने हेही म्हणता येईल की आपल्याच विश्वासातील लोकांना अंधारात ठेवून करार करणे हा चुकीचा प्रारंभ होता. जे आधी सांगितले असते तर कदाचित पटले असते, ते नंतर कळल्यामुळे फसवणूक वाटले. १८१३ च्या विश्वस्तांना भर न्यायालयातच निवाडा का हवा होता, ते येथे उमगते.

काही दिवसांतच धर्मगुरूंनी विक्रीला दिलेला पाठिंबा काढून घेतला. जुलै अखेरीस विश्वस्त मंडळाने व्यवहार नामंजूर केला. त्या मुस्लिम संस्थेने दुसरीकडे जागा शोधली आणि तिचे केंद्र त्याच बेटावर, थोड्याच अंतरावरच्या वस्तीत सुरू झाले. त्या वस्तीचे नाव डोंगन हिल्स. १६८३ साली आलेल्या त्या कॅथलिक गव्हर्नरांच्या नावावरून ते पडले आहे.